हशा येईपर्यंत

वाक्य बोलून झालं की ते थांबायचे. डावी भुवई किंचित वर, नजर समोरच्याच्या डोक्यावरून मागे, साधारण तिसऱ्या रांगेवर, आणि हातात जे काही असेल, पिशवी म्हणा, छत्री म्हणा, ते तसंच अधांतरी. आता समोर तिसरी रांग कुठून असणार? समोर भाजीवाली असायची. "मावशी, ही मेथी आहे की मेथीची आठवण?" असं विचारून ते थांबायचे. मावशी म्हणायची, "घ्यायची तर घ्या, नाहीतर हात लावू नका." तरी हे थांबलेलेच. मी मागून ढोसायचे, "काका, चला ना!" तर ओठ न हलवता म्हणायचे, "थांब गं, अजून येतोय."

येतोय म्हणजे हशा.

तुमच्यापैकी जे नाटक नुसतं तिकीट काढून बघतात त्यांच्यासाठी सांगते. विनोदी नटाला दोन कामं यावी लागतात. वाक्य टाकायचं आणि मग गप्प राहायचं. हशा जोरात असताना पुढचं वाक्य बोललात तर ते कुणाला ऐकूच जात नाही. हशा पार विरल्यावर बोललात तर प्रयोग गार पडतो. तो उतरणीला लागला की नेमकं बोलायचं. काका यात इतके मुरलेले होते की त्यांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं बोलताच येत नसे. सरकारी कचेरीतली अख्खी नोकरी त्यांनी अशीच थांबत थांबत केली. साहेबाला वाटायचं हा माणूस फार विचारपूर्वक बोलतो. बढत्या मिळाल्या हो त्यावर!

आमचं नाटक तुम्ही पाहिलंच असेल. ठाणे-डोंबिवलीत राहून पाहिलं नसेल तर इतकी वर्षं तुम्ही घरी नक्की काय करत होतात, ते एकदा तपासून घ्या. रिडेव्हलपमेंटला निघालेली जुनी बिल्डिंग, सही न करणारा हट्टी म्हातारा, त्याच्यावर कावलेला मुलगा आणि दोघांच्या मधे भरडली जाणारी सून. सून म्हणजे मी. पहिल्या अंकाच्या शेवटी बाप-लेकाचं कडाक्याचं भांडण होतं. मुलगा नाही नाही ते बोलतो, म्हातारा काचेचा जग भिंतीवर फेकतो, मी हमसून हमसून रडते आणि मग सगळं चिडीचूप. त्या शांततेत दार उघडतं. शेजारचे काका, म्हणजे आमचे हे काका. हातात रिकामा कप. ते काचांकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात,

"चहा टाकलाय वाटतं?"

थिएटर कोसळायचं. काका कप धरून उभे. हशा चढायचा, मागच्या रांगेपर्यंत जायचा, तिथून परत यायचा, उतरायला लागायचा, आणि त्या क्षणी काका अगदी पडेल चेहऱ्यानं म्हणायचे,

"नाही, आवाज आला म्हणून विचारलं."

हा दुसरा हशा पहिल्याच्या दुप्पट. त्यावर पडदा. मी पदरात तोंड खुपसून रडत असायचे ते बरंच होतं, कारण इतक्या वर्षांत मला एकदाही हसू आवरलेलं नाही.

मला ते सूनबाईच म्हणायचे, नाटकाबाहेरसुद्धा. एकदा डोंबिवली स्टेशनबाहेर "काय सूनबाई!" म्हणून त्यांनी हाक मारली तेव्हा माझ्या खऱ्या सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना दोन दिवस समजावत होते मी.

गावागावाचा हशा वेगळा असतो, असं काकांचं शास्त्र होतं. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ते आम्हाला शिकवायचे. "ठाण्याचा हशा आधी विचार करतो. उशिरा येतो, बेताचा येतो आणि लवकर निघतो, त्याला पार्किंगमधून गाडी काढायची असते. कल्याणचा मोकळा. एकदा आला की पाहुण्यासारखा, उठायचं नाव घेत नाही. आणि डोंबिवली! अगं, निम्म्यांनी नाटक आधी पाहिलेलं असतं. मी दार उघडायच्या आधीच ते शेजारच्याला कोपर मारून हसायला लागतात. मग शेजारचा हसतो. मग त्याला हसताना बघून हे पुन्हा हसतात." एवढं सांगून ते थांबायचे आणि अख्खी बस हसायची.

टिटवाळ्याचं नाव मात्र काढायचं नाही. तिथं एकदा उत्सवाच्या मांडवात आमचा प्रयोग होता आणि ऐन भांडणात माईक गेले. मागच्या लोकांना काही ऐकू येईना, पुढच्यांना जनरेटर ऐकू येत होता. काकांनी चहा विचारला आणि थांबले. समोर एक बाई शांतपणे शेंगा सोलत होत्या. काका थांबले, थांबले, इतके थांबले की पडदेवाल्याला वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी झालं, त्यानं घाबरून पडदा टाकला. तेव्हापासून आमच्यात एखादं वाक्य पडलं की म्हणायचे, टिटवाळा झाला.

"आणि आमच्या घरी तर रोजच टिटवाळा," काका म्हणायचे.

घर ठाकुर्लीला. काकू शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त झाल्या तरी चेहऱ्यावर वर्ग शांत बसवण्याची सवय तशीच. मी किती वेळा बघितलंय, काका टेबलाशी बसून एखादं खणखणीत वाक्य टाकायचे, भुवई वर, चमचा हवेत. काकू म्हणायच्या, "पोहे गार होतायत." संपला विषय.

नाटकाला त्या एकदाच आल्या होत्या, अगदी पहिल्या प्रयोगाला. काकांचा कान इतका तयार की अंधारातल्या हशातून ते माणसं ओळखायचे. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी विचारलं, "अगं, एवढ्या हशात तुझा ऐकू आला नाही."

"मी मनात हसते," काकू म्हणाल्या.

"मनातला हशा नटाच्या काय कामाचा?"

हा किस्सा सांगून ते आम्हाला हसवायचे खरं, पण त्यांना ते लागलेलं होतं. मला माहितेय ना. विंगेत एंट्रीसाठी उभं राहताना ते आधी फटीतून प्रेक्षकांत बघून घ्यायचे. मी म्हणायचे, "काका, काकू येणार होत्या का आज?" "छे छे! गुडघे आहेत तिचे. ते थिएटरचे जिने तिला कुठले झेपायला!" असं म्हणत ते बघायचेच.

मग आमच्या नाटकाचा सिनेमा करायचं ठरलं.

दिग्दर्शक घोडबंदर रोडवरचा, हुशार आणि गोड मुलगा, पण टोपी उलटी. पहिल्याच बैठकीत तो म्हणाला, "नाटक एकाच हॉलमध्ये घडतं ना, तर आपल्याला ते ओपन अप करायचंय." ओपन अप म्हणजे जे घरात घडत होतं ते घर सोडून सगळीकडे घडवायचं. बाप-लेकाचं अर्धं भांडण कल्याणच्या खाडीकाठी गेलं, वर ड्रोन. मुलाला एक स्वप्नगीत मिळालं. सून जिमला जायला लागली आणि ती भूमिका मालिकेतल्या एका मुलीला दिली. मला म्हणाले, "ताई, तुम्हाला नाटक पाठ आहे, तुम्ही संवादांकडे लक्ष द्या." दिलं लक्ष. ती मुलगी हमसून रडताना मस्कारा जपत होती त्याकडेही दिलं. जाऊ दे, तो माझा विषय आहे, काकांचा नाही.

काकांचा विषय गंभीर होता. निर्मात्याला शेजाऱ्याच्या भूमिकेत टीव्हीवरचा एक गाजलेला विनोदवीर हवा होता. दिग्दर्शकानं लहानपणी आजोबांबरोबर आमचं नाटक पाहिलेलं, त्याला काकाच हवे होते. शेवटी तोडगा निघाला. चहाचा प्रवेश सगळ्यात आधी चित्रित करायचा. जमलं तर काका, नाही तर विनोदवीर. त्याच्या तारखा धरून ठेवल्या होत्या.

काकांना हे सगळं माहीत होतं. तरी त्यांनी अख्ख्या ठाकुर्लीत सांगून टाकलं. केमिस्टला, बँकेत, बिल्डिंगच्या वॉचमनला. मी कपाळाला हात लावला. "काका, आधी होऊ तरी द्या!"

"सूनबाई, नाटक पडदा पडला की गेलं. सिनेमा राहतो," ते म्हणाले. "तो घरी टीव्हीवर येईल. तुझ्या काकूला जिने चढायला नकोत. कधीतरी एकटी असताना लावेल. कुणी बघत नसेल, तेव्हा तरी..."

आणि थांबले. मी सवयीनं हसले. पण या वेळी ते हशासाठी थांबले नव्हते.

शूटिंग डोंबिवलीजवळ कोपरला, खरंच रिडेव्हलपमेंटला निघालेल्या एका बिल्डिंगमध्ये. भांडण छान झालं. जग फुटला. मस्कारा शाबूत राहिला. दार उघडलं, काका आले, कप पुढे केला.

"चहा टाकलाय वाटतं?"

आणि थांबले.

सेटवर तर सगळ्यांना तंबीच होती, शिंकसुद्धा येता कामा नये. तीस-चाळीस माणसं श्वास रोखून उभी. काका थांबलेले. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुकरची शिट्टी झाली. काका थांबलेले. मालिकेतल्या मुलीनं रडता रडता एक डोळा उघडून बघितलं.

"कट! काका, एकदम भारी! फक्त तो मधला गॅप नको. लगेच पुढचं वाक्य."

"हो हो, लगेच," काका म्हणाले.

पुन्हा जग, पुन्हा रडणं, पुन्हा दार. "चहा टाकलाय वाटतं?" आणि पुन्हा थांबले. मुद्दाम नाही हो! पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर दिसत होतं मला, पण हशा आल्याशिवाय ते बाहेर पडेचना. हशाच त्यांना त्या वाक्याचं दार उघडून द्यायचा.

दिग्दर्शकानं डोकं लढवलं. युनिटला सांगितलं, सगळ्यांनी हसा, पण आवाज न करता. तुम्ही पाहिलंय कधी असं दृश्य? लाइटवाले, मेकअपवाले, चहावाला, सगळे तोंडावर रुमाल दाबून खांदे घुसळतायत. काकांनी वाक्य टाकलं, त्यांच्याकडे बघितलं आणि दचकून विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

काचेचे जग संपत आले. निर्मात्याचा माणूस कोपऱ्यात फोनवर हळू आवाजात बोलायला लागला. कुणाशी ते सांगायला ज्योतिषी नको होता. काकांचा शर्ट पाठीला चिकटलेला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वाक्य पडतंय गं. तो एक मांडव सोडला तर इतक्या वर्षांत नाही पडलं. माझंच काहीतरी चुकतंय."

इतका राग आला मला! कुणाचा ते विचारू नका. सिनेमाचा, त्या मुलाच्या टोपीचा, काकांचा. मी जवळजवळ ओरडलेच, "काका, काही पडत नाहीये. इथं हसायला माणूसच नाही. माईक गेलेत, जनरेटर चालू आहे, समोर बाई शेंगा सोलतेय. टिटवाळा आहे हा! हशा येणारच नाही असं धरा आणि बोलून टाका. टिटवाळा करा!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली. मग त्यांनी मान हलवली, कप उचलला आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

"चहा टाकलाय वाटतं? नाही, आवाज आला म्हणून विचारलं."

सलग. एका दमात.

"कट! परफेक्ट! काका, कमाल!" दिग्दर्शक उड्या मारायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निर्मात्याच्या माणसानं फोन खिशात टाकला. भूमिका वाचली. काका फुटक्या काचा चुकवत येऊन माझ्या शेजारी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. टिटवाळाच."

त्यानंतर मात्र सगळं मजेत झालं. दिग्दर्शकाला ते शास्त्र भलतंच आवडलं. थोडं थांबायला हवं असेल तर ओरडायचा, "काका, हे वाक्य ठाणे!" घाई हवी असेल तर, "टिटवाळा, काका, टिटवाळा!" एकदा म्हणाला, "कल्याण जास्त होतंय, ठाणे कमी पडतंय, आपण ठाकुर्ली करू या का?"

"ठाकुर्लीला थिएटर नाही," काका म्हणाले, आणि थांबले. त्या वेळी युनिट आवाज करून हसलं, शॉट वाया गेला आणि काका दिवसभर खुशीत होते.

शेवटच्या दिवशी चहाच्या प्रवेशाचा एक शॉट दुसऱ्या बाजूनं घ्यायचा राहिला होता. तो झाल्यावर काका दिग्दर्शकाला म्हणाले, "बाळा, एक मागू? एकदाच डोंबिवली करू दे. ठेवू नकोस हवं तर."

मुलानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "करा काका."

काका दारात आले. "चहा टाकलाय वाटतं?" डावी भुवई किंचित वर. नजर कॅमेऱ्याच्या जरा वरून, मागे. खोलीत टाचणी पडली तर ऐकू आली असती. आणि काका ऐकत होते. खरंच सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर तो हशा येताना आम्हाला दिसला. पुढच्या रांगेत सुरू झाला, कोपरं मारत मागे गेला, परत आला, चढला, उतरायला लागला. मग ते म्हणाले, "नाही, आवाज आला म्हणून विचारलं." दिग्दर्शक कट म्हणायला विसरला.

सिनेमा लागायच्या आधीच काका गेले. झोपेत. काकूंनीच फोनवर सांगितलं, "चहा टाकला होता, हाक मारली, तर उठलेच नाहीत." आवाज अगदी नेहमीचा, फळ्यावर गणित सोडवून दाखवावं तसा. मी मात्र स्वयंपाकघरात ओट्याला धरून खूप रडले. पदर तोंडात धरायचीसुद्धा गरज नव्हती, कुणी बघत नव्हतं.

सिनेमा मी पहिल्यांदा ठाण्याला पाहिला, आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारच्या खेळाला. प्रेक्षक बोटांवर मोजण्याइतके. त्यातले दोघं सिनेमा बघायला आलेलेच नव्हते, कळलं ना. चहाचा प्रवेश आला आणि मी खुर्चीत पुढे सरकून बसले. दिग्दर्शकानं तोच डोंबिवलीचा शॉट ठेवला होता. अख्खा. काका पडद्यावर थांबले आणि थिएटरमध्ये काही म्हणजे काही झालं नाही. कुणीतरी स्ट्रॉनं कोल्ड्रिंकचा तळ ओढत होतं, तेवढाच आवाज. इतका मोठा पडदा आणि एवढे मोठे काका, सगळ्या जगासमोर वाक्य विसरल्यासारखे उभे. बाहेर येऊन मी दिग्दर्शकाला फोनवर असं झापलं की विचारू नका. "शेवटी टिटवाळाच केलास ना त्यांचा!"

तो ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, रविवारी डोंबिवलीत बघा."

काकूंना नेऊ की नको, मला ठरवता येईना. त्या स्वतःच म्हणाल्या, "लिफ्ट आहे ना तिथं? मग चल." रविवारी संध्याकाळी थिएटर फुल्ल. आम्हाला कोपऱ्यातली, मान दुखवणारी जागा मिळाली, पुढून तिसरी रांग. काकू पर्स मांडीवर ठेवून ताठ बसल्या, सुपरव्हिजनला बसतात तशा. ड्रोन झाला, स्वप्नगीत झालं. सुनेनं जिममध्ये वजनं उचलली. इतरांच्या विनोदांवर लोक हसत होते आणि त्या हशात त्यांची पुढची वाक्यं बुडून जात होती. मग भांडण झालं, जग फुटला, सगळं चिडीचूप. मागे कुणीतरी आत्ताच खुसुखुसु हसायला लागलं होतं. नाटक पाहिलेलं असणार.

दार उघडलं.

"चहा टाकलाय वाटतं?"

काय सांगू तुम्हाला! छप्पर उडायचंच बाकी राहिलं. पुढे हसत होते, मागे हसत होते, कोपरं मारून मारून हसत होते. आणि माझ्या उजवीकडून एक आवाज आला, जो मी आयुष्यात ऐकला नव्हता. जाडसर, खोकल्यासारखा, मधेच चिरका होणारा. काकू हसत होत्या. पर्स मांडीवरून खाली पडली होती, तरी हसत होत्या. पुढच्या रांगेतला एक माणूस वळून बघायला लागला.

माझे डोळे भरून आले. मी त्यांच्या कानाशी वाकले. "काकू, ऐकलंत का, काका..."

त्यांनी पडद्यावरची नजर न काढता माझं मनगट धरलं.

"थांब गं," काकू म्हणाल्या, "अजून येतोय."

पडद्यावर काका कप घेऊन उभे होते. डावी भुवई किंचित वर, नजर बरोबर तिसऱ्या रांगेवर. त्यांना कसलीच घाई नव्हती. काकूंनी पदरानं डोळे पुसले, एक मोठा श्वास घेतला. हशा उतरणीला लागला.

"नाही," काका म्हणाले, "आवाज आला म्हणून विचारलं."